मांडवीत नांगरलेला जुगार: पणजीच्या कॅसिनोंचं भांडण नेमकं कशावरून?

संध्याकाळी सातच्या सुमारास पणजीत दयानंद बांदोडकर मार्गावर उभं राहिलं, की नदीच्या बाजूला वेगळीच वर्दळ दिसते. दुकानदार शटर ओढायच्या बेतात असतात आणि जेटीच्या तोंडाशी मात्र दिवस नुकता उजाडलेला असतो. काउंटरवर ओळखपत्रं तपासली जातात, मनगटावर कागदी पट्टे चिकटवले जातात, इस्त्रीचे शर्ट घातलेली मित्रमंडळी रांगेत उभी असते. मग एक छोटी बोट येते आणि त्यांना नदीत हाकेच्या अंतरावर उभ्या असलेल्या मोठ्या जहाजावर नेऊन सोडते. ते जहाज रात्रभर झगमगत राहतं. भोंगा वाजत नाही, नांगर उचलला जात नाही. सकाळ झाली तरी ते तिथेच.

मी सावंतवाडीचा. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, कुणाला ना कुणाला घेऊन जाणं आमच्याकडच्या प्रत्येक घराच्या नशिबी असतं, त्यामुळे पणजीच्या फेऱ्या ठरलेल्या. एकदा पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाल्याच्या, मागे बसून जेटीवरून जात होतो. सहज विचारलं, "बाबा, तुम्ही गेलायत का कधी आत?" तो हसला. "आमकां भितर सोडिनात, पात्रांव. लोकांक हाडून सोडप, इतलेंच." म्हणजे आम्हाला आत घेत नाहीत, माणसं आणून सोडायची तेवढं आमचं काम.

हे वाक्य नीट उलगडलं की पणजीचं अर्धं भांडण समजतं. कॅसिनो चांगला की वाईट, एवढ्यावरच वाद असता तर तो पारावर बसून मिटला असता. पण वाद जागेचा आहे आणि पैशाच्या वाटेचा आहे. गर्दी शहराच्या पदरात पडते, पैसा राज्याच्या तिजोरीत जातो आणि तोटा तिसऱ्याच गावी पोहोचतो. या तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या ठिकाणी घडत असल्यामुळे प्रत्येक जण आपापल्या जागेवरून खरंच बोलत असतो, आणि तरी एकमेकांचं पटत नाही.

जहाजच कशाला?

पहिली गंमत कायद्याची. भारतीय राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात, राज्यांच्या यादीत ३४ व्या क्रमांकावर 'पैजा आणि जुगार' हा विषय आहे. म्हणजे जुगार चालू द्यायचा की नाही हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. म्हणूनच महाराष्ट्रात जे गुन्हा ठरतं ते बांद्याची हद्द ओलांडली की परवान्याने चालू शकतं.

गोव्याचा जुगारविरोधी कायदा १९७६ चा. मूळ कायदा बंदीचाच आहे. त्यात १९९२ साली १३-अ हे कलम घुसवलं गेलं: पंचतारांकित हॉटेलांत सरकार इलेक्ट्रॉनिक खेळांना, म्हणजे स्लॉट मशीनसारख्या यंत्रांना, परवानगी देऊ शकेल. पुढे १९९६ च्या दुरुस्तीने आणखी एक दार उघडलं. टेबलावरचे खेळ, म्हणजे पत्ते, रूलेट वगैरे, 'ऑफशोअर' जहाजांवर चालतील.

ऑफशोअर म्हणजे साध्या भाषेत किनाऱ्यापासून दूर, पाण्यात. हा शब्द वाचणाऱ्या कुणाच्याही डोळ्यांपुढे समुद्र येईल, क्षितिजावरचा दिवा येईल. प्रत्यक्षात जहाजं उभी राहिली ती मांडवी नदीत, राजधानीच्या भर बाजारपेठेसमोर. आज तिथे सहा कॅसिनो जहाजं आहेत. जुन्या सचिवालयाच्या, म्हणजे आदिलशाही राजवाड्याच्या, पायरीवर उभं राहून ती मोजता येतात. पणजीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत जेमतेम ४० हजार. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढं शहर, आणि त्याच्या दारात सहा तरंगते जुगारअड्डे.

कॅसिनो नदीत का, याचं उत्तर कुठल्याही नगररचनेच्या नकाशात सापडणार नाही. 'शहराच्या मध्यभागी कॅसिनो हवा' असं कुणी कधी ठरवलंच नाही. जमिनीवर पत्त्यांचं टेबल मांडता येत नाही आणि पाण्यावर येतं, म्हणून जहाज आलं. जहाजाला पावसाळ्यातही सुरक्षित पाणी हवं, म्हणून ते समुद्र सोडून नदीत आलं. गिऱ्हाइकाला हॉटेलातून दहा मिनिटांत पोहोचता यायला हवं, म्हणून ते जेटीजवळ आलं. असं पावलापावलाने ते बाजारपेठेसमोर येऊन उभं राहिलं. जगातल्या इतर शहरांत या विषयावर मतदान होतं, सुनावण्या होतात. इथे एका शब्दाच्या आधाराने काम झालं.

जाता जाता एक जुना खटला सांगायलाच हवा, कारण तो आपल्या मुंबईचा आहे. चमारबागवाला नावाच्या गृहस्थांच्या शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धा त्या काळी जोरात चालत. मुंबई सरकारने त्यांच्यावर कर लावला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९५७ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की जुगार हा राज्यघटनेच्या अर्थाने व्यापार नव्हेच. तो करण्याचा मूलभूत हक्क कुणालाही नाही. निकालपत्रात ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्ताचाही दाखला आहे. याचा आजचा अर्थ एवढाच की कॅसिनोवाला 'माझा धंद्याचा हक्क' म्हणून भांडू शकत नाही. त्याच्याकडे असते ती सरकारने दिलेली सवलत. सरकारने मनावर घेतलं तर ती काढून घेता येते. मग सरकार ती का काढत नाही, हे समजायला आधी जहाजाच्या पोटात शिरावं लागेल.

सदतीस घरांचा हिशेब

जेटीवर घेतात ते प्रवेशाचं पॅकेज. त्यात जेवण, दारू, नाचगाणं आणि थोड्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी टेबलावर लावायच्या चकत्या. या फुकटातल्या चिप्सना तिथे 'ओटीपी' म्हणतात. बँकेचा नव्हे, वन टाइम प्ले. एकदाच लावायच्या, रोखीत बदलून मिळत नाहीत. त्यांच्यावर जिंकलात तर जिंकलेली चिप तुमची. हरलात तर तुमचं काहीच गेलं नाही असं वाटतं. खरं म्हणजे तेवढ्यात तुम्ही टेबलाशी बसलेले असता, खेळ कळलेला असतो, आणि शेजारचा माणूस नुकताच काहीतरी जिंकून ओरडलेला असतो.

आता रूलेटचं चाक घ्या. साध्या चाकावर १ ते ३६ आकडे आणि एक शून्य, अशी ३७ घरं. तुमच्या आकड्यावर गोटी थांबली तर लावलेल्या रकमेच्या ३५ पट मिळतात, शिवाय लावलेले पैसे परत. समजा एखाद्या अतिहुशार माणसाने प्रत्येक घरावर १०० रुपये लावले. खिशातून गेले ३,७००. गोटी कुठेही थांबो, हातात येणार ३,६००. दर फिरकीला १०० रुपये जहाजाचे. म्हणजे शेकडा २.७. चाकावर दोन शून्यं असली तर हेच प्रमाण सव्वापाच टक्क्यांवर जातं.

शेकडा पावणेतीन म्हणजे किरकोळ वाटतं. किराणा दुकानदारही त्याहून जास्त सुटवतो. पण किराणा दुकानात तुम्ही तीच साखर तासाला चाळीस वेळा विकत घेत नाही. फिरकीला ५०० रुपये लावणारा माणूस तासाला चाळीस फिरक्या खेळला तर २०,००० रुपये टेबलावरून फिरले. त्यातले सरासरी ५४० जहाजाकडे राहिले. चार तासांत दोन हजारांच्या वर. एखाद्या रात्री तुम्ही जिंकाल, पुढच्या खेपेला हराल. जहाज मात्र हजारो माणसांच्या हजारो फिरक्यांवर बसलेलं असतं, त्याच्यासाठी सरासरी हीच वस्तुस्थिती. त्याला फसवायची गरजच नसते. त्याला गरज असते ती तुम्ही उठू नये याची. म्हणून तर जेवण आत, दारू आत, गाणं आत. घड्याळ कुठे दिसत नाही आणि बाहेरचा उजेड आत येत नाही.

तीन पत्ती, अंदर-बाहर हे आपल्या ओळखीचे खेळही तिथे मांडलेले असतात. दिवाळीच्या पाडव्याला घरात खेळलेलं तेच इथे म्हणून माणूस बिनधास्त बसतो. फरक इतकाच की घरी काकांनी जिंकलेले पैसे शेवटी फराळाच्या ताटाभोवतीच राहतात.

पैसा उतरतो कुठे?

जहाजाने कमावलेल्या पैशातून सरकारला दोन वाटांनी मिळतं. पहिली वाट वार्षिक परवाना शुल्काची. ते जहाजाच्या क्षमतेवर ठरतं आणि २०१८ च्या सुमारास झालेल्या वाढीनंतर मोठ्या जहाजांसाठी ४० कोटींपर्यंत गेलं. दुसरी वाट जीएसटीची. जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेने ठरवलं की कर घ्यायचा तो गिऱ्हाइकाने चिप्स घ्यायला मोजलेल्या पूर्ण रकमेवर, २८ टक्के. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो लागू झाला. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्क्यांवर गेला. यातला निम्मा वाटा केंद्राचा, निम्मा राज्याचा.

यावर कंपन्यांचं म्हणणं असं: आमची कमाई म्हणजे हार-जीत झाल्यावर आमच्याकडे उरलेली रक्कम, तिच्यावर कर घ्या; माणसाने चिप्स घेतल्या आणि उरलेल्या परत केल्या तर त्यावर कर कसला? सरकारचं म्हणणं असं की पैज लावण्यासाठी मोजलेला पैसा हाच व्यवहार. दोन हिशेबांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. सप्टेंबर २०२३ मध्ये डेल्टा कॉर्प या कॅसिनो चालवणाऱ्या कंपनीला आधीच्या काही वर्षांच्या फरकापोटी ११ हजार कोटी रुपयांहून मोठी नोटीस आली, त्यावरून आकडा किती फुगू शकतो ते दिसतं. कंपनीला ती मान्य नाही.

पण पणजीच्या माणसाच्या दृष्टीने प्रश्न वेगळाच आहे. परवाना शुल्क राज्याच्या तिजोरीत जातं. जीएसटी राज्य आणि केंद्राकडे जातो. रस्ता अडतो तो मात्र बांदोडकर मार्गाचा. पार्किंगची मारामारी, मध्यरात्रीनंतरची ओरड, कचरा, जेटीशी घोटाळणारे एजंट, हे सगळं महापालिकेच्या हद्दीत. महापालिकेच्या हाती व्यापार परवान्यासारख्या किरकोळ गोष्टी. लग्न एकाच्या घरी, आहेर दुसऱ्याच्या घरी आणि भांडी घासायची तिसऱ्याने, असा हा प्रकार.

अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये हे उलटं आहे. मोटारींच्या कारखान्यांचं हे शहर उतरणीला लागलं, तेव्हा १९९६ मध्ये मिशिगनच्या मतदारांनी तिथे तीन कॅसिनोंना हिरवा कंदील दिला. १९९९ पासून ते सुरू झाले. करातला मोठा वाटा थेट शहराला मिळतो: कॅसिनोच्या निव्वळ प्राप्तीवर १०.९ टक्के शहराला, ८.१ टक्के राज्याला. ऐकायला आदर्श व्यवस्था. पुढे काय झालं? शहर त्या पैशावर इतकं टेकलं की कर्जाच्या व्यवहारात हा कॅसिनो करच तारण ठेवून बसलं, आणि जुलै २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेलं. कॅसिनोंमुळे दिवाळं निघालं असं म्हणता येणार नाही, त्याची कारणं जुनी आणि खोल होती. पण कॅसिनोंनी ते वाचवलंही नाही. इतकं मात्र खरं की एकदा हा पैसा अंदाजपत्रकात धरला की तो काढून टाकायची हिंमत कुणाला होत नाही. गोव्यात लोहखनिजाच्या खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या, त्यानंतर जहाजांकडे बोट दाखवणाऱ्यांचा आवाज मंत्रालयात पोहोचेपर्यंत क्षीण का होत गेला, हे यावरून ताडता येतं.

बाजारपेठेच्या मधोमध असण्याचा प्रश्न

'अहो, पर्यटक येतात, शहरात पैसा खर्च होतो, टॅक्सीवाल्याला काम मिळतं, पोरांना नोकऱ्या मिळतात.' हा युक्तिवाद खोटा नाही. पायलटचंच उदाहरण घ्या, त्याच्या संध्याकाळच्या भाड्यांत जेटीचा वाटा आहेच. जहाजांवर काम करणारी मुलं-मुली आहेत, त्यांच्या पगारावर चालणारी घरं आहेत. आमच्या सिंधुदुर्गातून रोजगारासाठी गोव्यात जाणाऱ्यांची संख्या पाहता मला तरी या बाजूकडे तुच्छतेने बघता येत नाही.

पण इथे एक साधा प्रश्न विचारायचा असतो: गिऱ्हाईक कुठलं? गावचाच माणूस कॅसिनोत पैसे हरत असेल तर गावात नवा पैसा येत नाही. जो पैसा कापड दुकानात, हॉटेलात, नाटकाच्या तिकिटावर गेला असता, तो टेबलावर गेला, एवढंच. गिऱ्हाईक बाहेरगावचं असेल तर गावात पैसा येतो खरा, पण मग दुसरा प्रश्न: तो जहाजाबाहेर पडतो का? पॅकेजमध्ये पोटभर जेवण आणि हवी तेवढी दारू असेल तर पाहुणा पणजीच्या खानावळीत कशाला बसेल? फोंतेन्यसच्या गल्लीत कशाला फिरेल? तो रात्री येतो, पहाटे जातो. शहराला दिसते ती त्याची गाडी.

ही तक्रार पणजीपुरती नाही. न्यूयॉर्कमध्ये टाइम्स स्क्वेअरला कॅसिनो उभारायचा प्रस्ताव होता, त्याला सगळ्यात कडवा विरोध केला तो ब्रॉडवेच्या नाट्यगृहवाल्यांनी. नाटकाआधी माणूस बाहेर जेवतो, नाटकानंतर कॉफी घेतो, रस्त्यावर रेंगाळतो. कॅसिनो त्याला आत ओढून घेतो आणि बाहेर सोडतच नाही, असं त्यांचं म्हणणं. सप्टेंबर २०२५ मध्ये स्थानिक समितीने तो प्रस्ताव फेटाळला. टोरांटोत मे २०१३ मध्ये नगरपरिषदेने शहरात नवा कॅसिनो नको म्हणून ४० विरुद्ध ४ मतांनी कौल दिला. आणि अटलांटिक सिटी? १९७८ मध्ये तिथे पहिला कॅसिनो उघडला तेव्हा न्यू जर्सीच्या त्या मरगळलेल्या समुद्रकाठच्या गावाला सोन्याचे दिवस येणार होते. काही वर्षं आलेही. पण शेजारच्या राज्यांनी आपापले कॅसिनो काढले आणि २०१४ या एकाच वर्षात तिथल्या बारा कॅसिनोंपैकी चार बंद पडले. तुमच्याकडे आहे आणि शेजाऱ्याकडे नाही, तोवरच हा धंदा तेजीत.

हे शेवटचं वाक्य महाराष्ट्राने आणि गोव्याने एकत्र बसून वाचण्यासारखं आहे. महाराष्ट्राकडे पुढे येतोच.

पायलटला आत का सोडत नाहीत?

१ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. त्याआधी २०१२ मध्ये कायद्यात तशी दुरुस्ती झाली होती, पण अंमल व्हायला एवढी वर्षं गेली. एकवीस वर्षांखालच्यांना तर प्रवेश नाहीच. कारण उघड होतं. गोव्यातल्या घराघरांत पगार येताच जहाजावर जाणारे दिसू लागले होते, संसार मोडत होते. सबिना मार्टिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांची 'आम औरत आदमी अगेन्स्ट गॅम्ब्लिंग' ही चळवळ वर्षानुवर्षं हेच सांगत होती.

सिंगापूरने हा प्रश्न आधीच अंगावर घेतला होता. २००५ मध्ये त्यांनी दोन कॅसिनोंना मान्यता दिली, २०१० मध्ये ते उघडले, त्यातला मरिना बे सँड्स तर शहराच्या ऐन मध्यात. पण नागरिकांना आत जायला पहिल्या दिवसापासून प्रवेशकर: दिवसाला १०० सिंगापूर डॉलर, २०१९ पासून १५०. परदेशी पाहुण्याला काही नाही. शिवाय घरच्यांनी अर्ज केला तर त्या माणसाचं नाव बंदीच्या यादीत टाकता येतं. बायकोने अर्ज केला आणि नवऱ्याला दारावर अडवलं, अशी ती सोय.

दोन्ही ठिकाणी सरकारचं खरं मत त्याच्या नियमात सापडतं. मालात काही दोष नसता तर आपल्याच माणसांना तो खायला मनाई केली नसती. 'आपल्यांना बंदी, पाहुण्यांना पायघड्या' हे धोरण आर्थिक हिशेबाने चोख आहे: पैसा आत येतो, दुष्परिणाम बाहेर जातो. पणजीच्या सरकारी दवाखान्यात जुगाराने खचलेला माणूस दिसणार नाही. तो दिसेल बेळगावात, हुबळीत, कोल्हापुरात, पुण्यात, सुरतेत. कर्ज तिथल्या पतसंस्थेचं, गहाण पडलेलं गंठण तिथल्या सराफाकडे. त्या तोट्याची नोंद गोव्याच्या कुठल्याही अंदाजपत्रकात येणार नाही, कारण तो रात्रीच्या गाडीत बसून घरी गेलेला असतो.

हलवायचे तर कुठे?

मांडवीतून कॅसिनो हटवू, हे आश्वासन पणजीच्या राजकारणात चतुर्थीच्या माटोळीइतकं नेमाने येतं. विरोधी पक्षनेते असताना मनोहर पर्रीकरांनी कॅसिनोंविरुद्ध रान उठवलं. २०१२ मध्ये ते मुख्यमंत्री झाले, जहाजं राहिली. त्यांच्या निधनानंतर मे २०१९ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे बाबूश मोन्सेरात यांनी १०० दिवसांत कॅसिनो मांडवीबाहेर घालवण्याची घोषणा केली आणि निवडून आले. जुलैमध्ये ते आणखी नऊ आमदारांबरोबर सत्ताधारी भाजपमध्ये गेले. १०० दिवस उलटले. जहाजं राहिली. त्यांना मुदतवाढ मिळत गेली, बरेचदा सहा-सहा महिन्यांची, म्हणजे कायमची परवानगी दिली असंही नाही आणि जायला सांगितलं असंही नाही.

सगळा दोष नेत्यांच्या माथी मारून चालणार नाही. खरोखरच जागेचा पेच आहे. आग्वादच्या उपसागरात न्यावीत, असं सुचवलं गेलं; पण तिथे पावसाळी समुद्र अंगावर येतो. समुद्राने दाखवूनही दिलं. जुलै २०१७ मध्ये भर पावसात मांडवीकडे आणलं जाणारं लकी सेव्हन हे कॅसिनो जहाज मिरामारजवळ वाळूत रुतलं आणि काही महिने तिथेच बसून राहिलं. गोवेकरांच्या पोटात गोळाच आला असणार, कारण २००० साली कांदोळीला रुतलेलं रिव्हर प्रिन्सेस हे जहाज हलवायला एक तप लागलं होतं. दुसऱ्या नदीत न्यावीत तर त्या काठचे लोक विचारतात, पणजीला नको ते आम्हाला का? जमिनीवर न्यावीत तर कायदा बदलावा लागतो, आणि तो बदलला की 'ऑफशोअर'चा उरलासुरला लगामही सुटतो. मोपा विमानतळाच्या बाजूला, पेडण्यातल्या धारगळला, मोठ्या रिसॉर्टचा बेत पुढे आला तेव्हा तिथेही विरोध उभा राहिलाच. सरकारची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मला विचाराल तर नदीचा काठ शहराला परत मिळायला हवा. मांडवीकाठी संध्याकाळी फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा त्या पाण्यावर जहाजाइतकाच हक्क आहे, आणि तो परवाना शुल्क भरत नाही म्हणून कमी होत नाही. पण जहाजं उठून धारगळला गेली, तर जेटीवरची रांग हलेल. तोटा जातो ती गाडी तीच राहील.

आता महाराष्ट्र. आपल्याकडेही कॅसिनोंचा कायदा होता, हे अनेकांना ठाऊक नसतं. 'महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) अधिनियम, १९७६.' गोव्याचा कायदा झाला त्याच वर्षीचा. विधिमंडळाने संमत केला, आणि पुढे सत्तेचाळीस वर्षं तो अंमलात आणायची अधिसूचना कुणी काढली नाही. अधूनमधून कुणीतरी तो उकरून काढायचं, महसुलाचे आकडे मांडायचं, मग विषय थंड. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. ज्या राज्यात सरकारची लॉटरी १९६९ पासून निघते आणि महालक्ष्मीच्या मैदानात घोड्यांवर पैसे लागतात, त्या राज्याचा हा सोवळेपणा थोडा हसू आणणारा आहे. तरी निर्णय मला योग्य वाटतो. फक्त महाराष्ट्रात कॅसिनो नाही म्हणून महाराष्ट्राचा कॅसिनोशी संबंध नाही, असं कुणी समजू नये.

मागच्या खेपेला पणजीहून सकाळची कोल्हापूर गाडी धरली. माझ्या पुढच्या बाकावर पस्तिशीचे दोघे होते. एक झोपलेला. दुसरा खिडकीशी बसून मनगटावरचा कागदी पट्टा नखाने खरवडत होता. ते पट्टे चिवट असतात, तुटत नाहीत, नुसते मळतात. म्हापसा गेलं, पेडणे गेलं. बांद्याला त्याने दाताने प्रयत्न करून पाहिला. शेवटी कंडक्टर तिकिटं बघत आले तेव्हा त्याने हळूच विचारलं, "काका, ब्लेड आहे का हो तुमच्याकडे?"

कंडक्टरांनी कशासाठी म्हणून विचारलं नाही. शर्टाच्या खिशातून कागदात गुंडाळलेलं अर्धं पातं काढून दिलं.